एकमताचा ठराव

“ज्यांच्या मते बाईमाणसानं दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्मा नव्हे, त्यांनी हात वर करावेत,” आमचा पंच शीलवंत बोर्डे म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत चर्चमधले सगळे हात वर गेले. पुरुषांच्या बाजूचे गेले, बायकांच्या बाजूचेही गेले. माझ्या शेजारी बसलेल्या सुवार्ताचा हात तर माझ्या कानाजवळून बांगड्या वाजवत वर गेला. तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मीच करून नेले होते. खाताना बरे गोड लागले होते बाईला!

मी एकटी हात मांडीवर ठेवून बसले होते. बाहेर लिंबाखाली माझा नवरा पेटीत निजला होता. वैशाखातली दुपार होती आणि पेटीचं झाकण अजून ठोकलेलं नव्हतं.

“एस्तेरबाई, तुमचा हात?” शीलवंतनं विचारलं.

“माझ्याच नवऱ्याला बाहेर काढायला मी हात वर करू होय?”

“मग बसू या,” तो म्हणाला आणि उपरण्यानं वारा घेऊ लागला. “पवित्र आत्म्याला घाई नसते.”

हे बसणं काय, ते सांगायला हवं. आमच्या बोरशिंग्याच्या मंडळीत भिंतींना चुना कधी द्यायचा, चटया कुठून आणायच्या, असल्या गोष्टी बहुमतानं ठरत. पण शिकवणुकीचा प्रश्न आला, कोण आत आणि कोण बाहेर असं काही निघालं, की एकमत लागे. जुन्या मिशनरी साहेबानं घालून दिलेली रीत. तो म्हणायचा म्हणे, पवित्र आत्मा एकच आहे, तो अर्धा या बाकावर आणि अर्धा त्या बाकावर बसत नाही. एकही हात खाली राहिला की ठराव नाही, आणि ठराव होईपर्यंत किंवा मांडणाऱ्यानं तो मागं घेईपर्यंत कोणी घरी जायचं नाही. सगळे हात वर झाले, पाळकांनी आमेन म्हटलं, की तो दगडावर कोरला गेला म्हणून समजा. फिरवायचा तर पुन्हा सगळ्यांचे हात हवेत.

या रीतीनंच आमच्या ह्यांचा घात केला होता. ह्यांचं नाव केरबा. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. मी बालवाडीची बाई, खानदानी ख्रिस्ती, आणि लग्न केलं ते वाजंत्र्याशी, बाप्तिस्मा न झालेल्याशी. मंडळीला ते कधी पचलं नाही. ह्यांनी लग्नानंतर दरवर्षी बाप्तिस्म्यासाठी नाव दिलं. दरवर्षी मंडळीपुढं उभे राहिले, प्रभूची प्रार्थना तोंडपाठ म्हणून दाखवली, आणि दरवर्षी संध्याकाळी नाव मागं घेतलं, कारण एकच हात खाली राहिला. शीलवंतचा. “देवीच्या वरातीपुढं वाजवणारं तोंड आहे ते,” तो म्हणायचा. ख्रिस्तजन्माच्या सणाला तेच तोंड चर्चच्या पायरीवर वाजवायचं, तेव्हा मात्र ह्यालाच सगळ्यात जास्त गहिवर यायचा.

आमची एकुलती एक मुलगी रिबका सहा वर्षांची होऊन तापानं गेली. तिचा बाप्तिस्मा झालेला होता, तेव्हा ती कबरस्तानात घायपाताच्या कुंपणाच्या आत आहे. बाप्तिस्मा न झालेल्याला आत जागा नाही. ह्यांना कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, तेव्हा त्यांनी एकच मागणं केलं. “मला पोरीशेजारी ठेव. बाकी काही नको.”

पाळक नगरला गेले होते. माझी आई मार्था मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि तिला तिथं शिकवलेलं होतं, की माणूस मरणाच्या दारात असेल आणि पाळक जवळ नसेल, तर कोणीही बाप्तिस्मा द्यावा. मी तांब्या आणला. विचारलं, “घ्यायचा ना?” ते म्हणाले, “घाल.” पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा पाणी घातलं. त्यांनी स्वतःच्या तोंडानं आमेन म्हटलं. पहाटे गेले.

सकाळी पाळक परतले. जयवंत उजागरे त्यांचं नाव, शिकलेले, गोरेगोमटे, बोलणं मऊ. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “खरा आहे, एस्तेरबाई. पुरातन मंडळीची परंपराच आहे ती. काळजी करू नका.” मी काळजी सोडली. रिबकाच्या शेजारी खणायला माणसंसुद्धा लावली.

सभेत पाळकांनी तोंड उघडलं, नाही असं नाही. “पुरातन मंडळीच्या परंपरेनुसार...” एवढं म्हणाले.

“परंपरा बिशपसाहेबांच्या बंगल्यावर, पाळकसाहेब,” शीलवंत म्हणाला. “इथं मंडळी ठरवते. आमच्या आबांच्या वेळेपासून.”

पाळकांनी चष्मा पुसला आणि खाली बसले. तो सगळा दिवस ते चष्माच पुसत होते.

आबा म्हणजे शीलवंतचे वडील, हरिबा बोर्डे. आमच्या गावचे पहिले ख्रिस्ती, पहिले पंच. कबरस्तानाच्या फाटकातून आत गेलं की पहिला संगमरवरी दगड त्यांचा. दगडाखाली आबा, आणि त्यांच्या पायाशी एक वीतभर क्रूस. तो क्रूस शीलवंतच्या जुळ्या भावाचा. मला तो क्रूस आठवला आणि मी उभी राहिले.

“दादा, बाईच्या हातचा बाप्तिस्मा खोटा म्हणता? मग तुमच्या दाविदचं काय करायचं?”

“कोण दाविद?”

“तुमचा जुळा भाऊ. तुम्ही दोघं सातव्या महिन्यात झालात. राहेलमावशी पायरीवरून पडल्या होत्या तेव्हा. माझ्या आईनं तुम्हा दोघांवर एकाच तांब्यातलं पाणी घातलं. तुम्ही जगलात, तो तासाभरात गेला. पाळक कुठं होता तिथं?”

बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर शीलवंतची आई बसली होती. राहेलमावशी. माझ्या आईची जिवाभावाची मैत्रीण. तिनंही मघाशी सगळ्यांबरोबर हात वर केला होता, कसला ठराव, कशाचा ठराव, काही न बघता. आता ती काठीवर जोर देऊन उठली. तिचं तोंड बघवेना.

“शीलवंता,” ती म्हणाली, “मग माझं बाळ कुठं हाय?”

“आई, बस.”

“बसते. आधी सांग. इतकी वर्सं मी त्येला देवाजवळ धरून चालले. आता तुम्ही म्हनता पानी खोटं. मग कुठं हाय त्यो?”

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मनात म्हटलं, बरं झालं, आता फिरेल ठराव. म्हातारीच्या काळजात सुरी फिरवून मी तिथवर पोचले होते आणि मला माझा माणूस आत न्यायचा होता.

शीलवंत काही कमी नव्हता. घाम पुसला, घसा खाकरला आणि म्हणाला, “ठरावात दुरुस्ती. तान्ह्या बाळाला दाईच्या हातचा बाप्तिस्मा चालतो, कारण बाळाला पाप कळत नाही. कळत्या माणसाला चालत नाही. त्यानं मंडळीपुढं उभं राहून पाळकाच्याच हातून घ्यायला पाहिजे. हात वर करा.”

लोकांचा जीव भांड्यात पडला. भराभर हात वर झाले. एका श्वासात दाविद स्वर्गात बसला आणि केरबा बाहेर राहिला. कसं जमतं हो माणसांना! बी पेरल्यासारखे हात उगवले, आणि पुन्हा माझेच तेवढे मांडीवर.

मग जे बसणं झालं ते मी विसरणार नाही. पत्रे तापले होते. लेकरं पाण्यासाठी किरकिरत होती. दारातून कोणीतरी आत येऊन हळूच म्हणालं, “पेटीवर माशा बसाया लागल्यात.” सुवार्तानं माझ्या दंडाला हात लावला. “किती वेळ ठेवायचं गं त्यांना असं उन्हात? विटंबना चाललीय. कर हात वर आणि मोकळी हो.”

“तू मघापासून हात वर करतेयस,” मी म्हटलं, “तू झालीस का मोकळी?”

तेवढ्यात राहेलमावशी काठी टेकत माझ्याजवळ आली. खाली बसली, माझे गुडघे धरले. “पोरी, हात वर कर. माझं लेकरू लटकलंय मधीच. तुझी रिबका आत हाय ना? माझं बी जाऊ दे आत. तुझ्या आईनंच दिला व्हता गं बाप्तिस्मा त्येला.”

मी तिच्याकडं बघितलं, शीलवंतकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता. आणि आईनं सांगितलेली एक जुनी गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख उभी राहिली. आत्ता बोलले असते तर शीलवंतनं तिसरी दुरुस्ती आणली असती. म्हणून काही बोलले नाही. मी हात वर केला.

“एकमत!” शीलवंत म्हणाला. पाळकांनी प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीही म्हटलं. लोक उठायला लागले.

“थांबा,” मी म्हटलं. “दादा, हा ठराव आता फिरत नाही ना?”

“एकमताचा आहे. फिरवायचा तर पुन्हा एकमत लागेल.”

“बरं झालं. मग आबांना आज बाहेर काढायचं की उद्या?”

त्याला आधी कळलंच नाही. “कोणत्या आबांना?”

“तुमच्या. कॉलऱ्याच्या साली आबा दवाखान्यात मरायला टेकले होते, डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं आणि उठून बसले, ही गोष्ट तुम्ही दरवर्षी व्यासपीठावरून सांगता. साहेबांच्या हातून पडलं म्हणता. साहेब तेव्हा उन्हाळ्याचे महाबळेश्वरला होते. पाणी माझ्या आईनं घातलं. साहेब परत आल्यावर म्हणाले, खरा आहे, पुन्हा द्यायची गरज नाही. म्हणजे आबांना पाळकाच्या हातचा बाप्तिस्मा जन्मात मिळाला नाही. आणि आबा काही तान्हे नव्हते. मिशा होत्या त्यांना.”

“खोटं आहे हे!” शीलवंत ओरडला.

“मावशींना विचारा. त्या होत्या तिथं.”

तो आईकडं वळला. “आई, खोटं आहे म्हण.”

“खोटं कशाला म्हनू देवाच्या घरात?” राहेलमावशी म्हणाली. “सायेब न्हवतेच. मार्थाबाईनंच पानी घातलं. तांब्या म्या धरला व्हता.”

शीलवंतचा चेहरा असा पडला की मला गार वाटलं. खरंच सांगते, नवरा बाहेर पेटीत असताना मला गार वाटलं. त्याच्या बापाचा तो दगड म्हणजे त्याची पाटीलकी होती. ती मी त्याच्याच ठरावानं उखडली होती. त्यानं आजूबाजूला बघितलं, लोक एकमेकांच्या कानाला लागले होते. मग मला जे हवं होतं, तेच तो अगदी माझ्या मनासारखं बोलला.

“मंडळीची हरकत नसेल तर नवा ठराव मांडतो. माणूस मरणाच्या दारात असेल आणि पाळक जवळ नसेल, तर कोणीही दिलेला बाप्तिस्मा खरा. लहान असो, मोठा असो. जुना असो, नवा असो. हात वर करा, करा.”

माझा हात इतक्या जोरात वर गेला की पदर खांद्यावरून घसरला. सुवार्तानं हात वर केला आणि ती रडायलाच लागली. पाळकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पहिल्यांदाच हसले. मला दिसायला लागलं, रिबकाच्या क्रुसाशेजारी ओली माती, आणि तिच्यावर मी सदाफुली लावतेय. ह्यांना एवढंच हवं होतं. पाळकांनी आमेन म्हणायला तोंड उघडलं.

“एक हात खाली आहे,” मागून कोणीतरी म्हणालं.

राहेलमावशीचे दोन्ही हात मांडीवर होते.

“आई, हात,” शीलवंत म्हणाला.

“न्हाई.”

“अगं, तुला कळलं नाही. हात वर केला नाहीस तर आबा बाहेर जातील!”

“कळलं मला. जाऊ दे.”

“आई!”

“पायरीवरून पडले न्हवते मी,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, भाकरीचं पीठ संपलं म्हणून सांगावं तसं सांगितलं. “कालवन खारट झालं म्हून लाथ घातली व्हती त्यानं. पोटावर. तू बी त्याच पोटात व्हतास. मार्थाबाईला म्याच सांगितलं, पायरीवरून पडले म्हून सांग. दाविद गेला, आन् ह्यो दुसऱ्या रविवारी प्रार्थना चालवाया उभा. त्यो मरेस्तवर लाथा खाल्ल्या मी. आता त्येला स्वर्गात न्यायाला माझाच हात लागतो व्हय? न्हाई द्यायची. माझं बाळ मघाशी आत झालंय. मला पुरं.”

मी धावत गेले. आता मी तिचे गुडघे धरले. “मावशी, माझ्या केरबासाठी करा हो. त्यानं काय केलंय तुमचं?”

“तुझा मानूस सोन्यासारखा व्हता, पोरी,” ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “तुझ्यासाठी केला असता. पर त्याच हातानं त्यो बी आत ऱ्हातो ना. मी न्हाई करनार.”

मी शीलवंतकडं वळले. “दादा, मग ह्यांच्यापुरता वेगळा ठराव मांडा! एकट्या केरबाचा. त्याला मावशी हात देतील. द्याल ना, मावशी?”

मावशीनं मान हलवली. देईन म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली.

शीलवंतनं माझ्याकडं बघितलं. मी त्याचा बाप उकरला होता आणि त्याच्या आईनं तो भरसभेत उघडा पाडला होता. त्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि नवा ठराव मागं घेतला.

“एका माणसासाठी शिकवण बदलता येत नाही, एस्तेरबाई.”

“आणि आबा?” कोणीतरी विचारलं.

तेव्हा पाळक उभे राहिले. दिवसभरात त्यांच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. “पुरातन मंडळीची परंपरा अशी आहे,” ते म्हणाले, “की पुरलेल्याची कबर पुन्हा उघडत नाहीत. याला मतदानाची गरज नाही.”

“बरोबर आहे,” शीलवंत म्हणाला. “परंपरा ती परंपरा.”

आणि लोक उठले. भुका लागल्या होत्या सगळ्यांना. आबा दगडाखाली राहिले. माझ्या माणसाला कुंपणाबाहेर खडकाळ जागेत नवा खड्डा खणला. रिबकाजवळचा खणलेला खड्डा त्याच मातीनं बुजवून टाकला. घायपाताच्या फटीतून तिच्या क्रुसाचं वरचं टोक तेवढं दिसत होतं.

माती लोटून झाल्यावर मी पाळकांना गाठलं. “सकाळी तुम्ही म्हणालात, खरा आहे.”

“खराच आहे, एस्तेरबाई. देवाच्या दृष्टीनं खराच आहे.”

“मग तुम्ही तसं बोलला का नाहीत?”

“मंडळीत फूट पडली असती,” ते मऊ आवाजात म्हणाले.

राहेलमावशीही आली होती. वाकून मूठभर माती घेतली आणि ह्यांच्यावर टाकली. माझा हात धरायला गेली. मी झटकला. ती तोल जाऊन बसली तिथंच, आणि मी तिला उठवलं नाही.

त्यानंतर कितीतरी उन्हाळे गेले. पाळक बदलले, दोनदा. पत्रे जाऊन स्लॅब आला. शीलवंतच्या पाठीला पोक आलं. मी दर रविवारी चर्चला जाते, दानाची थैली आली की दान टाकते, राहेलमावशी दिसली की तोंड फिरवते. फिरवायची म्हणायला हवं आता. काल ती गेली.

आज तिची पेटी लिंबाखाली आहे आणि आम्ही सगळे आत बसलो आहोत. अंथरूण धरायच्या आधी म्हातारीनं शीलवंतकडून वचन घेतलं, दाविदच्या क्रुसावर हात ठेवायला लावून. “मला तुझ्या बापाच्या शेजारी ठेवू नका. जिवंतपनी निजले, पुरं झालं. कुंपनाबाहेर ठेवा, त्या केरबाच्या पल्याड. त्यो वाजवायचा चांगला.” पण बाप्तिस्मा झालेल्या माणसाला कुंपणाबाहेर ठेवल्याचं आजवर घडलेलं नाही. शिकवणुकीचाच प्रश्न म्हणायचा. आबांच्या शेजारची जागा तर तिच्यासाठी कधीची राखून ठेवलेली आहे, कडेला विटासुद्धा लावलेल्या आहेत.

शीलवंतनं उभं राहून ठराव मांडला. आवाज फुटत नव्हता त्याचा. पहिला हात त्याचाच वर गेला. मग सगळ्यांचे गेले. सुवार्ताचा माझ्या कानाजवळून गेला, बांगड्या वाजवत.

आता सगळे माझ्याकडं वळून बघताहेत. बाहेर ऊन चढतंय.

“एस्तेरबाई,” शीलवंत म्हणतो. म्हातारा रडतोय. “आईचं शेवटचं मागणं आहे हो. तेवढा हात.”

“एका माणसासाठी शिकवण बदलता येत नाही, दादा,” मी म्हणते, आणि हात मांडीवरच ठेवते.